कथेकडे तात्पर्य मागू नका

कुठल्याही दिवाळी अंकाची अनुक्रमणिका उघडून बघा. कथा एकीकडे, कविता शेवटच्या पानांवर, आणि मधे 'वैचारिक' असा वेगळा विभाग. का. र. मित्र यांनी १९०९ साली मुंबईतून 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने ही परंपरा जिवापाड जपली आहे आणि ती जपावी अशीच आहे. पण या वाटणीमुळे आपल्या मनात एक समज घट्ट बसला. विचार करायचा तो लेखात. कथा-कवितेत भावना, रंजन, फार तर अनुभव. कथेत विचार आढळलाच तर आपण तो तिच्यातून बाहेर काढतो, त्याला तात्पर्य किंवा संदेश म्हणतो, आणि तो हाती लागला की कथा मिटून ठेवतो.

हा समज मला चुकीचा वाटतो, आणि घातकही. चांगली कथा किंवा कविता आधीच तयार असलेला विचार आपल्यापर्यंत आणून टाकत नाही. ती स्वतः विचार करते, आपल्याला करायला लावते, आणि पुष्कळदा लेखाला जिथे पोचता येत नाही तिथपर्यंत जाते. नीती म्हणजे काय, माणूस कशाने माणूस ठरतो, मालकी कशाची, सत्य कुणाचं, हे तत्त्वज्ञानाचे सनातन प्रश्न मुंबईच्या मराठीत गेल्या शतकात कुणी सर्वांत खोलवर विचारले असं कुणी मला विचारलं, तर मी आधी कवींची आणि कथाकारांची नावं घेईन. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मुंबईत नव्हते असं नाही. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवणाऱ्या मे. पुं. रेग्यांनी 'नवभारत' मासिकातून किती नितळ आणि काटेकोर मराठीत तत्त्वविचार मांडला, हे तो वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही गिरणगावातल्या, कामाठीपुऱ्यातल्या, खाणीतल्या माणसाचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणून उभा राहिला तो कथेत आणि कवितेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दहावी होऊन आमच्याकडे येणाऱ्या मुलांची शाळेत चांगली तयारी झालेली असते. कविता समोर आली की त्यांच्या हातून ठराविक क्रमाने उत्तर उतरतं: कवीचं नाव, कवितेचा विषय, कवितेतून मिळणारा संदेश. कथालेखनाचा प्रश्न आला की शीर्षक आणि तात्पर्य. शाळेतल्या परीक्षांमध्ये याच मुद्द्यांना गुण मिळत आले आहेत, तेव्हा दोष मुलांचा नाही. पण उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: 'या कवितेतून आपल्याला माणुसकीचा संदेश मिळतो.' हे वाक्य तुकारामांच्या अभंगाखाली चालतं, निसर्गकवितेखाली चालतं, दलित कवितेखालीही चालतं. जे वाक्य सगळ्या कवितांना लागू पडतं ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. सोळा वर्षांचं मूल इतकंच शिकून बाहेर पडतं की कवितेला एक उत्तर असतं आणि ते आधीपासून ठरलेलं असतं.

या समजाचं मूळ जुनं आहे. ल्युक्रेशियस हा रोमन कवी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याने ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं सगळं तत्त्वज्ञान पद्यात आणलं आणि कारणही सांगून ठेवलं: मुलांना कडू औषध पाजताना वैद्य पेल्याच्या कडेला मध लावतो, तसा मी हा कवितेचा मध लावतो आहे. त्याचं काव्य थोर आहे, पण त्याने दिलेलं हे कारण मला पटत नाही. मध वेगळा आणि औषध वेगळं असेल, तर मोठं झाल्यावर मधाची गरज उरत नाही. मग शहाण्या वाचकाने कविता सोडून थेट निबंधाकडे वळावं हेच बरोबर ठरेल. आपल्याकडे कित्येक विचारी माणसं अभिमानाने सांगतात की आम्ही आता ललित वाचत नाही, फक्त वैचारिक वाचतो. त्यांच्या बोलण्यामागे ल्युक्रेशियसचा हा पेला उभा असतो.

खुद्द तत्त्वज्ञानाचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. १९६३ साली एडमंड गेटिए या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांचा निबंध छापला. ज्ञान म्हणजे सत्य असलेली आणि सबळ कारणांवर उभी असलेली समजूत, ही व्याख्या तत्त्वज्ञ मंडळी बिनघोर वापरत होती. गेटिएने दोन छोट्या गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक नोकरीसाठी आलेल्या दोन उमेदवारांची आणि खिशातल्या दहा नाण्यांची. या गोष्टीतल्या माणसाची समजूत खरी निघते, तिला कारणंही असतात, तरी त्याला ते 'माहीत होतं' असं म्हणवत नाही. व्याख्या कोसळली ती गोष्टीने. त्यानंतर या विषयावर ग्रंथांचे ग्रंथ लिहिले गेले, पण घाव घातला तो एवढ्याशा कथेने. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ फोडायला लावतो, मीठ पाण्यात टाकून सकाळी शोधायला सांगतो. तिथेही आधी घडतं ते काहीतरी करणं आणि बघणं. 'ते तू आहेस' हे त्यानंतर.

पण तत्त्वज्ञांच्या वर्गातल्या या छोट्या गोष्टींना एक मर्यादा आहे आणि ती मुंबईत राहणाऱ्याला चटकन कळते. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली मांडलेलं उदाहरण आता जगभर माहीत आहे. ब्रेक नसलेली ट्राम धावते आहे, पुढच्या रुळावर पाच माणसं आहेत, दुसऱ्या रुळावर एक. चालकाने वळवावी का? प्रश्न नेमका आहे आणि त्याने नीतिशास्त्रात पुष्कळ काम केलं. पण रुळावरची ती माणसं तिथे आली कशी, हे विचारायला त्या उदाहरणात जागाच नाही. मुंबईत दरवर्षी शेकडो माणसं लोकलचे रूळ ओलांडताना मरतात. वस्ती एका बाजूला, नळ किंवा शाळा दुसऱ्या बाजूला, पूल लांब, भिंत मधेच तुटलेली. मोटरमन भोंगा वाजवतो, ब्रेक लावतो आणि गाडी तेवढ्या अंतरात थांबत नाही. इथे कुणापुढेही दोन रूळ नसतात. निर्णय झालेला असतो तो कित्येक वर्षं आधी, नकाशावर, बैठकीत, पैशांच्या वाटपात. फूट यांचं उदाहरण निवडीचा क्षण दाखवतं. त्या क्षणामागचा काळ दाखवायला कथा लागते. त्या मोटरमनची कथा कुणी नीट लिहिली तर ती जबाबदारी या विषयावरचा नवा विचार असेल, कारण 'कोणी केलं' या प्रश्नाला एका माणसाचं नाव उत्तर म्हणून पुरत नाही हे ती दाखवील.

असा विचार प्रत्यक्ष कथेत कसा चालतो हे पाहायचं तर अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' घ्यावी. लहानपणी वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेल्या या लेखकाने भीमाची गोष्ट सांगितली आहे. भीमा अंगाने दांडगा. मुंबईच्या उपनगरात डोंगराशी राहतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला सोनं चमकताना दिसतं, आणि तिथून तो राख चाळायला लागतो, पुढे ताजी प्रेतं उकरायला लागतो. एका रात्री तो ज्या प्रेतासाठी जातो त्यावर कोल्हेही टपलेले असतात. माणूस आणि जनावर एकाच घासासाठी झुंजतात. भीमा जिंकतो, प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला जातो आणि त्याची बोटं जबड्यात अडकतात. बोटं जातात. त्यानंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणारा तो माणूस लहान मुलासारखा रडतो.

आता या कथेचं तात्पर्य लिहा म्हटलं तर मुलं लिहितील: लोभ वाईट. किंवा, गरिबी माणसाला काय करायला लावते. पहिलं साफ चूक आणि दुसरं इतकं ढोबळ की निरुपयोगी. कथा याहून कितीतरी नेमकं बोलते. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ सालच्या आपल्या ग्रंथात मालकीचा उगम सांगितला: प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा मालक, म्हणून त्याच्या देहाचे श्रम आणि हातांचं काम त्याचं, आणि कुणाची नसलेली वस्तू तो श्रम करून मिळवतो तेव्हा ती त्याची होते. अर्ध्या जगातले मालकी हक्काचे कायदे या विचाराच्या सावलीत वाढले. ही कसोटी भीमाला लावा. राख नातेवाइकांनी टाकून दिलेली आहे, तिच्यावर कुणाचा दावा नाही, चाळायचे श्रम भीमाचे. लॉकच्या हिशेबाने ते सोनं त्याचं व्हायला हवं. तरी आपल्याला ते पचत नाही. का पचत नाही? मृताचा मान म्हणून? मग मेलेल्याचा मान जिवंताच्या भुकेहून वरचा, असं आपण मानतो का? मानत असलो तर तसं उघड म्हणायची आपली तयारी आहे का?

आणि कथा इथे थांबत नाही. लॉकने ज्या हातांना सगळ्या मालमत्तेचं मूळ म्हटलं तेच हात शेवटी तुटतात, आणि नेमके तेव्हा, जेव्हा त्या हातांना काम मिळणार असतं. देह ही माझी मालमत्ता, हे वाक्य ज्याच्याकडे देहाशिवाय काही आहे त्याला सोपं वाटतं. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्या बाबतीत हे वाक्य म्हणजे टांगती तलवार आहे. बोट गेलं की मालमत्ता गेली. हा लॉकच्या विचारावरचा गंभीर आक्षेप आहे. तो आक्षेप अण्णा भाऊंनी लॉक वाचून घेतला की नाही याने काही फरक पडत नाही. आक्षेप कथेच्या शेवटच्या वळणात आहे. ते वळण काढून टाका, खाण बंदच राहू द्या, तर उरते फक्त दुःखाची गोष्ट. विचार त्या वळणाने केला आहे, म्हणूनच सारांशात तो मावत नाही.

कुणी म्हणेल, हा अर्थ तुम्ही बाहेरून लादता. मी म्हणते, कथा हातात घेऊन तपासा. माझा अर्थ टिकला नाही तर दुसरा मांडा, पण तो कथेतल्या घटनांवर उभा करून दाखवा. युक्तिवाद तपासायची रीत यापेक्षा वेगळी कुठे असते?

परळच्या एका वाचनालयात आमचा वाचनकट्टा भरतो. निवृत्त शिक्षक, नर्सिंगची मुलगी, बँकेतल्या बाई, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोघं-तिघं, असे पाच-पन्नास रुपयांची वर्गणी भरणारे सभासद. तिथे एकदा नारायण सुर्व्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' वाचली. एक बाई पोराला शाळेत घालायला येते. बापाच्या नावाचा रकाना भरायचा असतो. बापाचं नाव तिच्याकडे नाही. ती म्हणते, मास्तर, तुमचंच नाव लिवा. निवृत्त शिक्षक ताडकन म्हणाले, 'मी असतो तर लिहिलं नसतं.' खोली गप्प झाली, पण त्यांनी कारण दिलं आणि ते वजनदार होतं. शाळेचा दाखला हा जन्मभर चालणारा कागद; त्यात एक खोटं लिहिलं की त्या खोट्यावर पुढचे सगळे कागद उभे राहतात, आणि दयेपोटी खोटं लिहायची मुभा एका मास्तरला दिली तर पैशापोटी लिहिणाऱ्याला कसं अडवणार? नर्सिंगच्या मुलीने उलट विचारलं, 'सर, तो रकाना नक्की काय विचारतो? जन्म कुणी दिला हे, की पोराची जबाबदारी कुणाची हे? दुसरं विचारत असेल तर मास्तरने नाव लिहिलं की ते खरं होतं.'

१७९७ साली कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने लिहिलेला एक छोटा निबंध आहे. दाराशी आलेल्या खुन्यालासुद्धा खोटं सांगू नये, अशी त्याची टोकाची भूमिका. दोन शतकं त्यावर वाद चालू आहे. आमच्या सरांचं म्हणणं कान्टच्या जवळचं होतं. पण त्या मुलीने जो मुद्दा काढला तो या वादात सहसा कुणी काढत नाही: काही वाक्यं सत्य सांगत नाहीत, ती सत्य घडवतात, आणि त्यांचा खरेखोटेपणा ती उच्चारणारा पुढे कसा वागतो यावर ठरतो. लग्नातली वचनं तशी असतात. दत्तकविधान तसं असतं. मास्तरने नाव लिहिलं आणि पोराला वाऱ्यावर सोडलं तर ते खोटं. निभावलं तर खरं. त्या संध्याकाळी कुणाचंही मत पूर्ण बदललं नाही. सर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, फक्त जाता जाता म्हणाले की मग रकानाच बदलायला हवा.

रकाना बदलला आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. कवितेमुळे तो आला असं म्हणणं बालिश होईल. पण रकाना ही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही, कुणीतरी आखलेली आहे, आणि जे त्यात बसत नाहीत त्यांच्याकडून तो विनाकारण खोटं वदवून घेतो, हे त्या कवितेने कितीतरी आधी उभं केलं होतं. आणि सुर्व्यांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. रस्त्यावर सापडलेल्या या पोराला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवलं, स्वतःचं नाव दिलं. पुढे तेच पोर पालिकेच्या शाळेत शिपाई झालं, मग मास्तर झालं. त्यांच्या १९६२ सालच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'ऐसा गा मी ब्रह्म'. उपनिषदांतलं 'अहं ब्रह्मास्मि' गिरणगावातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलं की अद्वैताला एक अवघड प्रश्न सामोरा येतो: सगळेच ब्रह्म असतील तर मस्टरवर बिगारी म्हणून नोंद कुणाची? वेदान्ताच्या वर्गात हा प्रश्न क्वचितच येतो.

कविता विचार करते म्हणजे केवळ तिचा विषय तात्त्विक असतो असं नाही. विंदा करंदीकरांच्या दोन रचना शेजारी ठेवून मला हे नीट कळतं. 'अष्टदर्शने'मध्ये त्यांनी देकार्त, स्पिनोझा, कान्ट, हेगेल, शोपेनहाउअर, नीत्शे, बर्गसाँ आणि चार्वाक अशी आठ दर्शनं मराठी पद्यात मांडली. असं धाडस दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि मराठीतून कान्ट समजून घ्यायला 'अष्टदर्शने'सारखी सोबत नाही. तरी माझ्या मते तिथे तत्त्वज्ञान सांगितलं जातं. ते घडताना दिसतं त्यांच्या 'तेच ते' या कवितेत. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच ते, अशी ती चालत राहते. कामू या फ्रेंच लेखकाने १९४२ सालच्या आपल्या पुस्तकात याच आयुष्याची यादी दिली आहे: उठणं, ट्राम, चार तास कचेरी, जेवण, पुन्हा ट्राम, झोप, आणि एक दिवस अचानक 'का?' हा प्रश्न. कामू आपल्याला ही पुनरावृत्ती समजावून सांगतो. विंदांची कविता ती आपल्याकडून करवून घेते. दोन-चार कडव्यांत वाचणाऱ्याला स्वतःलाच वीट येतो, आणि त्या विटाची साक्ष कुठल्याही युक्तिवादापेक्षा जवळची असते. कल्याणहून रोज तीच लोकल पकडणाऱ्याला हे उलगडून सांगावं लागत नाही.

मर्ढेकरांचं उदाहरण आणखी बोलकं आहे, पण त्यात फार शिरत नाही. एकाच माणसाने लयतत्त्वावर सौंदर्यशास्त्र रचलं आणि पिपातल्या उंदरांची कविताही लिहिली. त्यांच्या सौंदर्यशास्त्राची चिकित्सा मुंबई विद्यापीठातल्या रा. भा. पाटणकरांनी इतकी कसून केली की आज ते आपण इतिहास म्हणून वाचतो. कविता मात्र अजून आपल्याला प्रश्न विचारते आहे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत जोरकस पुरावा मराठीतच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तेराव्या शतकातला महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' हा आपल्या पहिल्या गद्य ग्रंथांपैकी एक. चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केशिराजांनी त्यात एकत्र केले. रचना तीन भागांची: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा अर्थ. म्हणजे तात्पर्य सांगायची रीत आपल्या भाषेत अगदी पाळण्यापासून आहे. हे खरंच आहे. पण त्यातलाच हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत घ्या. हीच गोष्ट बौद्धांच्या 'उदान' या ग्रंथात आहे. तिथे ती भांडखोर पंथीयांना उद्देशून आहे. जैनांनी तिच्यात अनेकान्त, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, पाहिला. रूमी या फारसी कवीने आंधळे काढून टाकले आणि हत्तीला अंधाऱ्या घरात उभं केलं. महानुभावांनी तिच्यातून परमेश्वराच्या अंशतः झालेल्या ज्ञानाबद्दल सांगितलं. चार परंपरा, चार अर्थ, गोष्ट एकच. दार्ष्टांतिकं आपापल्या पंथात राहिली आणि हत्ती हिंडत राहिला. गुरूने शिष्याला एका प्रसंगी एक अर्थ सांगणं वेगळं, आणि लाखो मुलांना एकच अर्थ लिहायला लावून त्यावर गुण देणं वेगळं.

दुसरा आक्षेप प्लेटोचा. कवी भावना भडकवतात, एकच बाजू दाखवतात, आणि उलटतपासणीला उभे राहत नाहीत. म्हणून आदर्श राज्यातून त्यांना बाहेर काढा. हे लिहिणाऱ्या प्लेटोने त्याच ग्रंथात गुहेची गोष्ट सांगितली, अदृश्य करणाऱ्या अंगठीची सांगितली, आणि ग्रंथ संपवला तोही मेलेल्या सैनिकाच्या परलोकप्रवासाच्या कथेने. तरी त्याची भीती निराधार नव्हती. कथा माणसाला फसवू शकते. एका दुष्ट पात्राला एका जातीचं, एका धर्माचं आडनाव दिलं की हजार वाचकांच्या मनात पुरावा नसलेला निष्कर्ष जाऊन बसतो. यावरचा उपाय कथा हद्दपार करणं हा नाही. तिची उलटतपासणी शिकवणं हा आहे. आणि आपण नेमकं तेच शिकवत नाही. 'संदेश लिहा' असं म्हणताना आपण गृहीत धरतो की कवितेचं म्हणणं बरोबरच आहे. तिच्याशी असहमत व्हायला मुलाला जागाच नाही. ज्याला सुर्व्यांच्या कवितेशी वाद घालता येत नाही, त्याला उद्या मोबाइलवर आलेल्या विखारी गोष्टीशीही वाद घालता येणार नाही.

भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेला कादंबरीच्या तुलनेत कमी दर्जाचा प्रकार मानलं. समाजाचा विस्तार पकडण्याबद्दल ते म्हणत असतील तर वाद नाही. पण तात्त्विक विचाराला छोटेपणाच सोयीचा पडतो. एकच प्रसंग, दोन माणसं, एक रकाना. नजर कुठे पळून जाऊ शकत नाही.

तात्त्विक म्हणून लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ कथा-कवितांबद्दल मात्र मला आस्था वाटत नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. जी. ए. कुलकर्ण्यांनी धारवाडात बसून रूपककथेला जी उंची दिली, तिच्यामागे वाक्यावाक्याची मेहनत होती. त्यांच्यानंतर निनावी प्रवासी, ओसाड गाव, गूढ बोलणारा म्हातारा एवढं सामान घेऊन कित्येकांनी कथा लिहिल्या. या कथांमध्ये निष्कर्ष आधी ठरलेला असतो. पात्रं तो उच्चारायला उभी केलेली असतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'जीवन म्हणजे' छापाच्या कवितांचंही तेच. त्यांच्यातून संदेश काढणं सोपं असतं, कारण त्यांच्यात संदेशाखेरीज काही नसतं. तत्त्वज्ञान करायची इच्छा असलेल्या तरुण लेखकांना मी एवढंच सुचवीन की पात्राला व्यवसाय द्या, पत्ता द्या, महिन्याचं भाडं द्या. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचं नावच बघा. आपल्यावर लादलेली गोष्ट चोरता येते का, हा प्रश्न अमूर्तात कुणाला सुचला नसता. नोकरीच्या गावी राहायला खोली शोधणाऱ्या माणसाला तो भेटतो.

आता मुद्द्याचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं बदलत आहेत. या बदलात मराठीच्या पेपरातून 'संदेश' आणि 'तात्पर्य' हे मुद्दे काढून टाकावेत. त्यांच्या जागी विचारावं: ही कविता कोणता प्रश्न उभा करते? तिच्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप काय? त्या आक्षेपाला कवितेतल्या कोणत्या ओळी उत्तर देतात, की देत नाहीत? अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान हा विषय आहे आणि त्याची मराठी पाठ्यपुस्तकं आहेत. लॉकच्या पानाशेजारी भीमाची कथा आणि कान्टच्या पानाशेजारी सुर्व्यांची कविता छापायला फार तर आठ-दहा पानं लागतील. मराठी आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी वर्षातून काही तास एकाच वर्गात उभं राहायला काय हरकत आहे? वाचनालयांनी व्याख्यानमालांबरोबर असे कट्टे भरवावेत. सतरंजी, पंखा आणि कवितेच्या झेरॉक्स प्रती यापलीकडे खर्च नाही.

शिक्षक मैत्रिणी माझ्यापुढे लगेच अडचण ठेवतात: गुण कसे द्यायचे? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं तर तपासनीस करणार काय? अडचण खरी आहे, पण सुटण्यासारखी आहे. गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण देतोच. इथे पायऱ्या अशा: मुलाने कवितेतली ओळ नेमकी धरली का, तिच्यावरून निष्कर्ष कसा काढला ते सांगितलं का, आणि आपल्याविरुद्ध जाणारी एखादी ओळ लपवली तर नाही ना. आमच्या वर्गात मी हे करून पाहते. 'स्मशानातील सोनं'वर एका मुलाने लिहिलं होतं की भीमाचं चुकलंच, कारण त्या प्रेताच्या घरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि जे विचारून मिळणार नाही ते घेणं म्हणजे चोरी. मला त्याचं म्हणणं पटलेलं नाही. राखेतल्या सोन्याला हा नियम कसा लावायचा हे त्याने सांगितलेलं नाही, म्हणून एक गुण कापला. उरलेले सगळे दिले, आणि समासात लिहिलं: कोल्ह्यांबद्दल काय म्हणशील?